भिंगऱ्या गेल्या कुठे? बेभरवशाचा वसंत आणि पक्षीनिरीक्षणाचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवणारा हा म्हातारा पक्ष्यांच्या वाटेला कशाला गेला! प्रश्न रास्त आहे. मी पक्षितज्ज्ञ नाही. माझी हयात तर्कशास्त्र आणि ज्ञानमीमांसा शिकवण्यात गेली. पण आज मला एका माणसाची माफी मागायची आहे. तो माणूस जाऊन दोनशे तीस वर्षं उलटली. त्याचं नाव गिल्बर्ट व्हाइट. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात सेलबोर्न नावाचं एक खेडं आहे, तिथला हा पाद्री. जन्म १७२०, मृत्यू १७९३.

माफी कशाबद्दल? तर बरीच वर्षं मी वर्गात चुकीच्या अनुमानाचं उदाहरण म्हणून या माणसाला उभा करत असे. "बघा, इतका बारकाईनं पाहणारा निसर्गप्रेमी, आणि त्याला वाटायचं की भिंगऱ्या हिवाळ्यात कुठेतरी बिळात झोपून राहतात!" मुलं हसायची. मीही हसायचो. पुढं एका एप्रिल महिन्यात माझं हसू आवरलं. ती हकीकत शेवटाकडे सांगेन. त्याआधी इतिहास.

पहिल्यांदा एक गोष्ट साफ करू. आपला वसंत आणि इंग्रजांचा वसंत एक नव्हे. आपल्याकडे चैत्र म्हणजे पालवी, मोहर, आणि ऊन वाढत जाणार याची खात्री. फार तर अवकाळी पाऊस येतो, एखादी गारपीट होते, बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, पण थंडी काही परत येत नाही. इंग्लंडात मार्च-एप्रिलमध्ये आज कोवळं ऊन, माश्या-किडे उडतायत, झाडांना कोंब फुटलेत, आणि परवा सकाळी उठून बघावं तर अंगणात बर्फ. वारा नैर्ऋत्येकडून आला की उबदार, ईशान्येकडून आला की हाडं गोठवणारा. आणि नेमक्या याच दोन महिन्यांत आफ्रिकेतून परतणारे लाखो पक्षी तिथं येऊन पोचत असतात. सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

आता मूळ प्रश्न. भिंगरी, इंग्रजीतली स्वॅलो, उन्हाळ्यात युरोपातल्या प्रत्येक गोठ्यात, कोठारात घरटं करते. शरदात ती नाहीशी होते आणि वसंतात पुन्हा उगवते. मधल्या काळात ती कुठे असते?

अॅरिस्टॉटलला पक्ष्यांचं स्थलांतर ठाऊक होतं. क्रौंच पक्षी दूर जातात हे त्यानं नोंदवलं आहे. पण भिंगऱ्यांबद्दल तो म्हणतो की काही उबदार प्रदेशात जातात आणि काही बिळांत दडून राहतात, आणि अशा दडलेल्या, पिसं झडलेल्या भिंगऱ्या लोकांना सापडल्या आहेत. पुढे १५५५ साली स्वीडनचा ओलाउस मॅग्नस यानं उत्तरेकडच्या लोकांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात एक चित्र आहे: कोळी जाळं ओढतायत आणि जाळ्यात माशांबरोबर भिंगऱ्या! म्हणजे भिंगऱ्या तळ्याच्या तळाशी झोपतात अशी समजूत. तुम्ही म्हणाल, अडाणी काळ होता. तसं नाही. अठराव्या शतकात खुद्द लिनेयस, ज्यानं सजीवांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून दिली, तो या पाण्यातल्या झोपेवर विश्वास ठेवणारा होता. इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन तर ठामपणे सांगत असे की भिंगऱ्या गोल गोल फिरत एकमेकींना चिकटून गोळा होतात आणि नदीत बुडी मारतात. सतराव्या शतकात चार्ल्स मॉर्टन या गृहस्थानं मांडलं की पक्षी चंद्रावर जातात. (हशा) हसा, पण एक लक्षात घ्या. मॉर्टनला निदान एवढं कळलं होतं की पक्षी खरोखर कुठंतरी लांब जातात. त्याची दिशा चुकली, प्रश्न बरोबर होता.

तर अशा वातावरणात सेलबोर्नचा हा पाद्री रोज फिरायला निघतो. हातात दुर्बीण नाही; आपल्या ओळखीची पक्षीनिरीक्षकाची दुर्बीण तेव्हा जन्माला यायची होती. डोळे, कान आणि वही, एवढंच भांडवल. १७५१ पासून तो बागेची नोंदवही ठेवत होता. १७६८ पासून छापील रकाने असलेल्या रोजनिशीत तो तापमान, वारा, पाऊस, कुठलं झाड फुललं, कुठला पक्षी दिसला, असं लिहू लागला आणि मरेपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, लिहीत राहिला. या रोजनिशीचे रकाने आखले होते डेन्स बॅरिंग्टन नावाच्या न्यायाधीशानं. बॅरिंग्टन आणि प्राणिशास्त्रज्ञ थॉमस पेनंट या दोघांना व्हाइटनं लिहिलेली पत्रं म्हणजेच त्याचं प्रसिद्ध पुस्तक, सेलबोर्नचा निसर्गेतिहास. मुखपृष्ठावर साल १७८९. फ्रेंच राज्यक्रांतीचं वर्ष! तिकडे बास्तीय पडत होता आणि इकडे एक माणूस भिंगरी कुठल्या तारखेला आली याचा हिशोब छापत होता. दोन्ही गोष्टी टिकल्या.

हा माणूस किती बारकाईचा होता? एकच उदाहरण देतो. इंग्लंडात हिरवट-पिवळे चिमुकले वटवटे येतात, पानापानांत लपणारे. सगळे त्यांना एकच पक्षी समजत. व्हाइटनं आवाजावरून ओळखलं की हे तीन वेगळे पक्षी आहेत. १७६८ सालच्या पत्रात त्यानं तसं लिहिलं, आणि ते आजही खरं आहे. आधी कान, मग डोळा, ही आजच्या पक्षीनिरीक्षकांची रीत त्याच्यापासून सुरू झाली म्हटलं तरी चालेल.

मग असा माणूस भिंगरीच्या बाबतीत का फसला? इथं आपण थोडं थांबू, कारण माझ्या दृष्टीनं आजच्या व्याख्यानाचा गाभा इथंच आहे.

जानेवारी १७७४ मध्ये बॅरिंग्टनला लिहिलेल्या पत्रात व्हाइट तीन निरीक्षणं देतो. पहिलं, अनेक वर्षांच्या अनुभवानुसार भिंगरी साधारण १३ एप्रिलच्या सुमारास दिसते, एखादी चुकार त्याही आधी. दुसरं, ती प्रथम दिसते ती तळ्यांवर आणि पाणचक्कीच्या डोहांवर. तिसरं, ही लवकर आलेली भिंगरी थंडीच्या तडाख्यात सापडली, तर ती लगेच काही काळ दिसेनाशी होते. यासाठी तो १७७० आणि १७७१ या दोन भयंकर वसंतांचा दाखला देतो. हिम पडलं, दव गोठलं आणि आलेले पक्षी गायब झाले. ऊब परतली तसे पक्षीही परतले.

यावरून तो म्हणतो, आता तुम्हीच सांगा, जास्त संभवनीय काय? पक्षी जवळच्याच एखाद्या बिळात जाऊन पडला असेल, की आठ-पंधरा दिवसांसाठी पुन्हा उष्ण प्रदेशात जाऊन आला असेल?

काय वाटतं तुम्हाला? मला तर हे अनुमान फार देखणं वाटतं. आपल्या मीमांसकांनी ज्याला अर्थापत्ती म्हटलं, तीच ही. देवदत्ताचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी गलेलठ्ठ आहे. म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. रात्री जेवताना कुणी पाहिलेलं नाही, पण त्याशिवाय लठ्ठपणाचा उलगडाच होत नाही. व्हाइटचंही तसंच. भिंगरी काल होती, आज नाही, आठ दिवसांनी पुन्हा आहे. म्हणजे ती मधल्या काळात जवळपास झोपली असली पाहिजे.

पण अर्थापत्तीची एक कडक अट असते. 'अन्यथा अनुपपत्ती.' म्हणजे दुसऱ्या कुठल्याही प्रकारे उलगडा होता कामा नये. देवदत्त दिवसा लपूनछपून लाडू खात असेल, तर रात्रीच्या जेवणाचं अनुमान कोसळलं! व्हाइटनं दोनच पर्याय मांडले, झोप किंवा आफ्रिका. तिसरा पर्याय त्याच्या स्वतःच्या पत्रात, दुसऱ्या क्रमांकाच्या निरीक्षणात, बसलेला होता. तळी आणि पाणचक्कीचे डोह. त्याच्याकडे आपण नंतर येऊ.

शिवाय भाट्ट मीमांसकांनी अभावाबद्दल जे सांगितलं ते इथं तंतोतंत लागू पडतं. एखादी वस्तू दिसली नाही म्हणून ती नाही, असं म्हणता येतं का? येतं, पण एका अटीवर. ती असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. टेबलावर हत्ती दिसत नाही, म्हणून हत्ती नाही, हे ठीक. पण अंधाऱ्या खोलीत सुई दिसत नाही, म्हणून सुई नाही, हे ठीक नाही. सेलबोर्नच्या गल्लीत बर्फाच्या दिवशी भिंगरी दिसली नाही. बरं. पण ती असती तर तिथंच दिसली असती का?

व्हाइटच्या बाजूनं हेही सांगितलं पाहिजे की तो आंधळेपणानं विश्वास ठेवणारा नव्हता. १७६७ च्या एका पत्रात तो ऐकीव गोष्टी तपासतो. एका पाद्र्यानं त्याला सांगितलं की लहानपणी चर्चचा मनोरा पाडताना वसंताच्या सुरुवातीला मजुरांना दोन-तीन पाकोळ्या मेल्यासारख्या सापडल्या आणि शेकोटीजवळ नेल्यावर त्या हलू लागल्या. दुसरा एक जण म्हणाला, समुद्रकाठचा खडूच्या दगडाचा कडा कोसळला तेव्हा त्यात भिंगऱ्या निघाल्या. व्हाइटनं विचारलं, तुम्ही स्वतः पाहिल्या का? उत्तर आलं, नाही, पण दुसऱ्यांनी खात्रीनं सांगितलं. व्हाइट प्रांजळपणे लिहितो की हे ऐकून माझी निराशा झाली. शब्दप्रमाण कुणाचं मानायचं, आप्त कोण, हा प्रश्न त्यानं विचारला होता. किती जण विचारतात?

दोन्ही बाजूंनी त्याच्यावर दबाव होता, हेही ध्यानात घ्या. पेनंट स्थलांतराच्या बाजूचा. बॅरिंग्टन कट्टर विरोधक. १७७२ मध्ये त्यानं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लांबलचक निबंध लिहून मांडलं की पक्षी समुद्र ओलांडतात याला विश्वासार्ह साक्षीदारच नाहीत. आणि व्हाइटचा सख्खा भाऊ जॉन जिब्राल्टरला पाद्री होता. तो कळवत होता की वसंतात आणि शरदात इथून पक्ष्यांचे थवेच्या थवे सामुद्रधुनी ओलांडतात, त्यात भिंगऱ्याही असतात. व्हाइटनं भावाचं म्हणणं मानलं. म्हणून त्याची अंतिम भूमिका अशी झाली की बऱ्याचशा जातात, पण काही मागे राहून झोपत असाव्यात. या 'काहीं'च्या शोधात त्यानं मजूर लावून टेकडीच्या उतारावरची झुडपं आणि मुळांतल्या पोकळ्या खणून पाहिल्या. काही सापडलं नाही. सापडलं नाही, हेही त्यानं लिहून ठेवलं. त्यातच घरी एक कासव होतं, टिमथी नावाचं, १७८० साली काकूच्या मागे वारशानं आलेलं. ते दर हिवाळ्यात जमिनीत पुरून घेऊन झोपे आणि वसंतात बाहेर येई. ज्याच्या अंगणातच असं उदाहरण आहे, त्याला भिंगरीबद्दल तसं वाटावं, यात नवल काय?

आता उत्तर कसं मिळालं ते थोडक्यात बघू. १८२२ मध्ये जर्मनीत क्लूट्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आरपार बाण घुसलेला होता, सुमारे पाऊण मीटर लांबीचा, आणि तो बाण मध्य आफ्रिकेतला! जखमी पक्षी बाण घेऊन युरोपात आला होता. तो पेंढा भरून रोस्टॉकच्या विद्यापीठात आजही ठेवलेला आहे. एका गरीब पक्ष्यानं आपल्या मानेवर प्रमाण वाहून आणलं, दुसरं काय म्हणणार?

मग १८९९ मध्ये डेन्मार्कमधले शिक्षक हान्स ख्रिश्चन मोर्टेन्सेन यांनी मैनेच्या जातीच्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांक घातलेली धातूची कडी अडकवायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये हॅरी विदरबी यांनी १९०९ मध्ये अशी योजना सुरू केली. स्टॅफर्डशायरमधल्या चीडल गावचे वकील जॉन मेसफील्ड यांनी मे १९११ मध्ये आपल्या घरी घरटं करणाऱ्या भिंगरीच्या पायात असं एक कडं घातलं. डिसेंबर १९१२ मध्ये ते कडं सापडलं दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात, एका शेतघरात शिरलेल्या भिंगरीच्या पायात. अॅरिस्टॉटलपासून सुरू झालेल्या वादाचा निकाल एका बारक्या कड्यानं लावला. हिवाळ्यात इंग्लंडची भिंगरी कुठे असते? दक्षिण आफ्रिकेत, तिथल्या उन्हाळ्यात.

मी वर्गात इथंच थांबत असे. व्हाइट चूक, कडं बरोबर, पुढचा धडा. पण बघा, हिवाळ्याचा प्रश्न सुटला, व्हाइटचा खरा प्रश्न सुटला का? एप्रिलमध्ये आलेली भिंगरी बर्फ पडल्यावर आठ दिवस कुठे जाते? त्यावर कडं काही बोलत नाही.

हवामान आणि पक्षी यांचा संबंध लोकांनी गांभीर्यानं घेतला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८८० च्या दशकात ब्रिटनमधल्या दीपगृहांना छापील तक्ते पाठवले गेले: कुठल्या रात्री, कुठल्या वाऱ्यात, कुठले पक्षी दिव्यावर आले ते लिहा. त्या कागदांच्या ढिगाऱ्यातून अर्थ काढणाऱ्यांपैकी विल्यम ईगल क्लार्क हे १९०१ मध्ये स्वतः जाऊन भर समुद्रातल्या एडिस्टन दीपगृहात महिनाभर राहिले. पुढं स्कॉटलंडमधल्या दोन मैत्रिणी, लिओनोरा रिन्टूल आणि एव्हलिन बॅक्स्टर, १९०७ पासून स्थलांतराच्या दिवसांत 'आइल ऑफ मे' या उजाड बेटावर जाऊ लागल्या. त्या काळी दोन बायकांनी दीपगृहाच्या बेटावर पक्षी बघत राहणं, म्हणजे लोकांना केवढा विषय! पण त्यांना कळलं ते असं. हवा स्वच्छ असली की बेटावर पक्षी नाहीत. ते वरूनच निघून जातात. पूर्वेचा वारा, धुकं, पाऊस, अशी खराब हवा आली की बेट पक्ष्यांनी भरून जातं, कारण वारा त्यांना वाटेवरून ढकलून आणतो. १९१८ मध्ये त्यांनी हे मांडलं. म्हणजे सहलीला जाणारा माणूस ज्या हवेला शिव्या देतो, तीच हवा पक्षीनिरीक्षकाला पावते. आजही ब्रिटनच्या किनाऱ्यावर वसंतात अशा हवेची वाट बघत बसलेले लोक भेटतील.

मग आलं रडार. दुसऱ्या महायुद्धात पडद्यावर कधीकधी कसलेतरी ठिपके दिसत. विमानं नाहीत, जहाजं नाहीत. सैनिक त्यांना गमतीनं 'देवदूत' म्हणू लागले. ते पक्षी आहेत हे डेव्हिड लॅक आणि जॉर्ज व्हार्ली यांनी १९४५ मध्ये जाहीर केलं. पुढं रडारवर पाहताना असंही दिसलं की वसंतात अचानक थंडी आली, तर काही पक्षी खरोखर उलटे, दक्षिणेकडे परत जातात! व्हाइटला जे असंभव वाटलं, तेच. पाकोळ्यांचं तर आणखी विशेष. खराब हवेची आघाडी येऊ लागली की त्या तिला वळसा घालून दूरदूर उडून जातात आणि हवा निवळल्यावर परत येतात. फिनलंडच्या युक्का कोस्किमिएस यांचा १९५० चा अभ्यास आणि लॅक यांचं १९५६ चं पुस्तक यांत हे वाचायला मिळतं. आठवड्यापुरतं दूर जाऊन येणं माणसाला जड वाटतं. पाकोळीला नाही. आपली दमछाक आपण पक्ष्याला चिकटवली, ही खरी चूक!

आणि आता गंमत ऐका. पाकोळीची पिल्लं आईबापाला खराब हवेमुळे अन्न आणता आलं नाही, तर अंगाचं तापमान उतरवून निपचित पडतात आणि त्यामुळे काही दिवस तग धरतात. म्हणजे निपचित पडून पुन्हा जागा होणारा पक्षी ही नुसती भाकडकथा नव्हे. इतकंच नाही. डिसेंबर १९४६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी डोंगरात एडमंड जेगर यांना खडकाच्या खोबणीत एक पक्षी सापडला, आपल्या रातव्याच्या कुळातला, पूअरविल. थंडगार, हातात घेतला तरी हलेना, पण जिवंत. तो खरोखर हिवाळी झोपेत होता. होपी आदिवासींच्या भाषेत त्या पक्ष्याचं नावच मुळी 'झोपणारा' असं आहे. म्हणजे 'पक्षी बिळात झोपून हिवाळा काढू शकतो' हे वाक्य खोटं नाही. भिंगरीच्या बाबतीत खोटं आहे. मी वर्गात हे दोन्ही एकत्र करून हसत होतो. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला हे शोभणारं नव्हे.

आता माझी हकीकत. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी दक्षिण इंग्लंडात लेकीकडे होतो. मंगळवारी तिच्या घरामागच्या शेताच्या तारांवर चार भिंगऱ्या बसलेल्या पाहिल्या. ऊन होतं, मी सुखावलो. लेकीनं तिथल्या एका पक्षीनिरीक्षक मंडळींच्या रविवारच्या फेरीत माझं नाव घातलं. शनिवारपासून वारा फिरला. रविवारी सकाळी पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. मला वाटलं, फेरी रद्द. कसली रद्द! सातआठ म्हातारे-म्हाताऱ्या रबरी बूट घालून हजर. माझ्या अंगावर दोन स्वेटर, मफलर, कानटोपी, लेकीच्या नवऱ्याचा रेनकोट. फिरतं दुकानच म्हणा ना. (हशा)

आम्ही त्या शेतावरून गेलो. तारा रिकाम्या. मी वहीत लिहिलं, 'भिंगऱ्या परत गेल्या.' बघा, काय केलं मी! तीस वर्षं योग्यानुपलब्धी शिकवणारा माणूस, दिसल्या नाहीत एवढ्यावर 'गेल्या' लिहून मोकळा झाला. आमच्या पुढे चालणाऱ्या बाईंचं वय ऐंशीच्या आसपास असेल. त्यांना मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "चला, तळ्यावर जाऊ." मैलभर चिखल तुडवत एका जुन्या खाणीच्या तळ्याशी पोचलो. पाण्याला जेमतेम चिकटून, बर्फाच्या भुरभुरीत, शंभरएक भिंगऱ्या उडत होत्या. कारण साधं आहे. थंडीत शेतावरचे किडे बसून जातात. पाणी जमिनीपेक्षा सावकाश गार होतं, आणि पाण्यातून निघणारे किडे तिथं थोडेफार उडत असतात. गावभरच्या भिंगऱ्या पोटासाठी तळ्यावर गोळा झालेल्या.

मी तिथंच उभा राहिलो. व्हाइटची तळी आणि पाणचक्कीचे डोह माझ्यासमोर होते. ओलाउस मॅग्नसचं जाळंही. वसंताच्या पहिल्या गार दिवसांत भिंगऱ्या पाण्यावर दिसतात, म्हणून त्या पाण्यातून निघतात असं लोकांना वाटलं! चूक अडाणीपणातून आली नव्हती. ती खऱ्या निरीक्षणातून आली होती, फक्त उलगडा चुकला होता. सगळ्या भिंगऱ्या अशा तळ्यावर जातात आणि सुखरूप राहतात असंही नाही. काही परत फिरतात, काही उपासमारीनं मरतात. थंड वसंतात तळ्याकाठी मेलेल्या भिंगऱ्याही सापडतात. पण झोपत नाहीत. मी वहीतलं वाक्य खोडलं आणि त्याच जागी 'शेतावर दिसल्या नाहीत' असं लिहिलं. तेवढंच मला लिहिण्याचा अधिकार होता.

मित्रहो, हा इतिहास आज का सांगायचा? कारण वसंत आता आणखी बेभरवशाचा झाला आहे. व्हाइटचा समकालीन रॉबर्ट मार्शम हा नॉरफोकचा जमीनदार. त्यानं १७३६ पासून वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली: पहिली भिंगरी, पहिली कोकिळा, पहिलं पान, अशा सत्तावीस खुणा. व्हाइटच्या अखेरच्या वर्षांत दोघांचा पत्रव्यवहारही झाला. मार्शमच्या घराण्यानं ही नोंद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पिढ्यान् पिढ्या चालवली. दोनशे वर्षांच्या त्या वह्या आज वसंत किती सरकला हे मोजायला कामाला येतात. मार्शमला हवामानबदल हा शब्दही ठाऊक नव्हता. त्यानं फक्त तारीख लिहिली.

आणि आजचं संकट असं. २००१ मध्ये नेदरलँड्सच्या ख्रिस्तियान बोथ आणि मार्सेल विसर यांनी एका माशीमार पक्ष्याबद्दल दाखवून दिलं की तिथला वसंत लवकर येऊ लागला, पण आफ्रिकेतून येणारा हा पक्षी पूर्वीच्याच सुमाराला पोचतो. बिचाऱ्याला आफ्रिकेत बसून युरोपातली हवा कशी कळणार? तो येतो तोवर पिल्लांना भरवायच्या अळ्यांचा बहर ओसरायला लागलेला असतो. पंगत उठता उठता पाहुणा यावा, तशी गत. आणि जो लवकर येईल, त्याला १७७० सारख्या एखाद्या थंडीत सापडण्याचा धोका आहेच. हा जुगार पक्षी दर वर्षी खेळतो, जिवावर.

आपल्याकडेही पक्ष्यांवरून ऋतू ओळखायची रीत जुनीच आहे. पावशा 'पेरते व्हा' म्हणून ओरडतो असं आपला शेतकरी ऐकत आला. चातक पावसाच्या तोंडावर येतो, आणि आज आपल्याला माहीत आहे की तो खरोखर आफ्रिकेकडून समुद्र ओलांडून येतो. हिवाळ्यात आपल्या गावांतल्या विजेच्या तारांवर ओळीनं बसलेल्या भिंगऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. त्या इंग्लंडच्या नव्हेत. त्या हिमालयातून आणि त्याच्या पलीकडून येतात. पण जात तीच. आपल्याकडे चैत्राच्या आसपास त्या तारा रिकाम्या होऊ लागतात. तिकडच्या कुणाच्या तरी वसंताची ती सुरुवात असते. आपल्यापैकी कितीजणांनी ती तारीख कधी लिहून ठेवली आहे?

शेवटी एका श्रोत्यांनी आधीच लिहून पाठवलेला प्रश्न घेतो. ते विचारतात, "सर, खराब हवेत पक्षी बघायला जाऊन काही दिसलं नाही, तर वेळ वाया गेला असं समजायचं का?"

नाही समजायचं. पण वहीत काय लिहायचं हे नीट ठरवायचं. कुठे पाहिलं, किती वेळ पाहिलं, हवा कशी होती, आणि काय दिसलं नाही. 'दिसलं नाही' आणि 'नव्हतं' या दोन शब्दांत फरक आहे. व्हाइटनं मजूर लावून टेकडी खणली आणि काही सापडलं नाही हे लिहिलं, म्हणून आज आपल्याला त्याच्या चुकीतूनही शिकता येतं. माझ्या वहीतलं खोडलेलं वाक्यही मी तसंच ठेवलं आहे. ते गिरवून काळं केलेलं नाही. एका रेघेनं खोडलंय, म्हणजे खालचं वाचता येतं.

तर गिल्बर्ट व्हाइट यांची माफी मागून मी थांबतो. पुढच्या वेळी आपण दीपगृहांच्या नोंदवह्यांबद्दल जरा सविस्तर बोलू. येत्या आठवड्यात सकाळी बाहेर पडलात आणि तारांवर भिंगऱ्या असल्या, किंवा नसल्या, तर तारीख तेवढी लिहून ठेवा.